‘द फायनल काउंटडाउन’चा कीबोर्ड मंचावर उभा करताना: एका कव्हर बँडचं प्रकरण

पार्श्वभूमी

बँड पुण्यातला, पाच जणांचा, इतरांची गाजलेली गाणी वाजवणारा. लीड गिटार, बेस, ड्रम्स, कीबोर्ड आणि रिदम गिटार वाजवत गाणारा गायक. सगळे दिवसा नोकरी करतात आणि शनिवार-रविवारी तालीम. कॅफे, कॉलेजची गॅदरिंग आणि कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम हे त्यांचं नेहमीचं काम, आणि वाजवायचं ते ऐंशीच्या दशकातलं पाश्चात्त्य रॉक. ओळख लपवण्यासाठी इथे कुणाचंही नाव दिलेलं नाही. माझं काम त्यांच्या कीबोर्डचे आवाज बसवून देण्याचं होतं.

कीबोर्ड वाजवणारी मुलगी लहानपणी पेटी शिकली, मग हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात वाजवू लागली. कान पक्का, बोटं पक्की. कुठलंही गाणं ती आधी सरगममध्ये ऐकते आणि मग वाजवते. तिच्याकडे एक अरेंजर कीबोर्ड (तयार आवाज आणि ताल आतच असलेला) होता आणि विंडोजचा एक जुना लॅपटॉप.

एका कंपनीच्या कार्यक्रमात शेवटचं गाणं म्हणून ‘द फायनल काउंटडाउन’ची फर्माईश आली. स्वीडनच्या ‘युरोप’ या बँडचं हे १९८६ चं गाणं. लिहिलं जोई टेम्पेस्टने, त्यातला कीबोर्ड मिक मिकाएलीचा. गाण्याची ओळख असलेली ती कीबोर्डची सुरावट टेम्पेस्टला कित्येक वर्षं आधी, मिकाएलीकडून उसन्या आणलेल्या कॉर्ग पॉलिसिक्स या सिंथेसायझरवर सुचली होती. लय मिनिटाला साधारण ११८ ठोक्यांची, पट्टी काळी तीनची, मायनर. गायकाने तोंड उघडण्याआधीच समोरच्या माणसाला गाणं ओळखू येतं आणि ती ओळख पूर्णपणे कीबोर्डवर अवलंबून आहे. त्यामुळे ‘साधारण तसा’ आवाज चालवून नेण्याची सोय या गाण्यात नाही.

अडचण

तिने वहीत सुरावट लिहून ठेवली होती: प म प, खालचा सा, मग कोमल धैवत घेऊन ध प ध प म. सा अर्थात काळी तीन. वाजवण्यात काही चूक नव्हती. अरेंजरमधला ‘सिंथ ब्रास’ नावाचा, पितळी वाद्यांच्या धाटणीचा तयार आवाज निवडून ती वाजवत होती. तालमीचं रेकॉर्डिंग पाठवून तिने लिहिलं, “दादा, सूर तेच आहेत, पण गाणं ते वाटत नाही.”

तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. तो आवाज प्रत्येक सुराला हळूच फुगत होता. मूळ गाण्यात सूर लागतो तो कडेसकट लागतो, आणि त्या कडेमागून जाड अंग येतं. इथे अंग होतं, कड नव्हती. दोन्ही गिटारी सुरू झाल्या की अंगही हरवायचं. त्यावर उपाय म्हणून आवाज वाढवला तर नुसता गोंगाट वाढत होता.

आणखी एक गोष्ट याच सुमाराला पुढे आली. गायकाला मूळ पट्टीतले वरचे सूर एखाद्या वेळी लागत होते, पण दोन तासांच्या कार्यक्रमाच्या शेवटी ते लागतील याची त्याला खात्री नव्हती. त्याला गाणं पांढरी तीनवर हवं होतं, म्हणजे दोन सूर खाली.

मूळ आवाजाची फोड

इथे थोडं थांबतो, कारण पुढचे सगळे निर्णय यावरून झाले.

हा आवाज नेमका कुठल्या सिंथेसायझरचा, हा प्रश्न लोक नेहमी एकवचनात विचारतात. मिकाएलीने सांगितलेलं आहे की ध्वनिमुद्रणात दोन यंत्रं एकावर एक लावली होती. रोलंड जेएक्स-८पीवर त्याने स्वतः जाड ब्रास बनवला आणि यामाहा टीएक्स८१६ मधला एक तयार आवाज त्यावर चढवला. दोन्ही यंत्रांची आवाज घडवण्याची रीत मुळातच वेगळी आहे.

जेएक्स-८पी जुन्या वळणाचा सिंथेसायझर. ऑसिलेटरमधून, म्हणजे लहर तयार करणाऱ्या भागातून, करवतीच्या दात्यांसारखी, स्वरांशांनी (मूळ सुरासोबत वाजणाऱ्या वरच्या सुरांनी) गच्च भरलेली लहर निघते आणि फिल्टर तिच्यातला वरचा भाग कापतो. प्रत्येक सुराला दोन ऑसिलेटर. एक किंचित चढा किंवा उतरा लावला की दोघांत संथ आंदोलनं सुरू होतात. जाडी तिथून येते. एका वेळी सहाच सूर वाजतात. फिल्टर उघडायला क्षणभर वेळ घेतो, म्हणून सुराची सुरुवात थोडी गोल लागते.

टीएक्स८१६ म्हणजे यामाहाच्याच डीएक्स७ या सिंथेसायझरची, कीबोर्ड नसलेली आठ यंत्रं एकत्र बसवलेलं कपाट. १९८३ च्या डीएक्स७ ने एफएम (फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन) ही पद्धत घरोघरी पोहोचवली. सहा ऑपरेटर, म्हणजे लहरी काढणारे घटक, त्यांच्या जोडणीचे ३२ आराखडे, आणि एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या ढवळायची. फिल्टर नाहीच. एफएमचा ब्रास बोट पडताक्षणी वरच्या स्वरांशांसकट लागतो, धातूवर नख मारल्यासारखा. अशी आठ यंत्रं एकत्र, जराशी इकडेतिकडे लावलेली, की आवाज रुंदही होतो आणि धारदारही.

म्हणजे कड एफएमची आणि अंग जेएक्सचं. अरेंजरमधला तयार आवाज फक्त अंगाचा होता. त्याच्या फिल्टरशी कितीही खेळलं असतं तरी ती कड त्यातून निघाली नसती.

तिला हे समजावायला मी गाण्याचा सुरुवातीचा भाग हेडफोनवर अर्ध्या वेगाने ऐकवला. एवढ्या सावकाश ऐकलं की सुराची पहिली टोच आणि मागून येणारं अंग कानाला वेगळं काढता येतं. “हे तर दोन जण वाजवतायत,” ती म्हणाली. तिथून पुढचं काम सोपं झालं.

कोणते पर्याय तपासले

जुनी मूळ यंत्रं विकत घेण्याचा विचार फार लवकर सोडला. जेएक्स-८पी भारतात क्वचित विकायला निघतो, बाहेरून मागवला तर सीमाशुल्क आणि वाहतूक, शिवाय जपानी किंवा अमेरिकी बाजारातला असेल तर विजेच्या दाबाचा वेगळा खटाटोप. एका गाण्यासाठी हे शहाणपणाचं नव्हतं.

कीबोर्डचा भाग आधीच रेकॉर्ड करून ट्रॅक म्हणून सोडायचा, ही लीड गिटारवाल्याची सूचना. तिच्यावर बराच वाद झाला. त्याच्या बाजूने बोलायचं तर ट्रॅकमध्ये आवाज हवा तेवढा श्रीमंत करता येतो आणि मंचावर काही बिघडत नाही. माझा विरोध दोन कारणांनी होता. ट्रॅक लावला की ड्रमरच्या कानात क्लिक (लय मोजणारा ठोका) हवा, आणि या बँडमध्ये कुणाकडेच कानातले मॉनिटर (मंचावर स्वतःचं वाजवणं ऐकण्याचे हेडफोन) नव्हते. दुसरं कारण म्हणजे ट्रॅक चुकला की सगळा बँड त्याच्यासमोर लाचार होतो. २००७ मध्ये अमेरिकेत ग्रीन्सबरोच्या कार्यक्रमात व्हॅन हेलनसारख्या बँडवर ही वेळ आली. ‘जंप’चा आधी मुद्रित केलेला कीबोर्ड वेगळ्याच पट्टीत वाजला आणि गिटारवर एडी व्हॅन हेलन सुरांची जुळवाजुळव करत राहिला. पण खरा निर्णय कीबोर्डवादकाने केला. ती शांतपणे म्हणाली, “या गाण्यात माझं एवढंच तर काम आहे. तेही मी वाजवायचं नाही?” त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. मला वाटतं, कव्हर बँडमध्ये हा मुद्दा तांत्रिक मुद्द्यांच्या वर ठेवायला हवा.

तिसरा पर्याय होता अरेंजरमधलेच दोन आवाज एकावर एक चढवण्याचा: ‘सिंथ ब्रास’ आणि एखादा घंटेसारखा टोकदार आवाज. करून पाहिलं. घंटा वेगळी ऐकू येत होती आणि ब्रास वेगळा, दोन्हींचा मिळून एक आवाज होत नव्हता. मात्र आणीबाणीसाठी हे मिश्रण साठवून ठेवलं. त्याचा उपयोग पुढे येईल.

उरला लॅपटॉप. डीएक्स७ साठी ‘डेक्स्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे; त्यात यामाहाचे जुने तयार आवाज जसेच्या तसे उघडतात. जेएक्स-८पीसाठी ‘पीजी-८एक्स’ हेही मोफत मिळतं. रोलंडची स्वतःची सशुल्क आवृत्तीही आहे, पण मोफत चालत असताना तिच्याकडे वळायचं कारण नव्हतं. दोन्ही एकत्र चालवायला ‘कँटाबिल’ हे सॉफ्टवेअर. लॅपटॉप मंचावर नेण्याची भीती सगळ्यांनाच होती आणि ती रास्त होती. तरी हाच मार्ग ठरला.

आवाज कसा बांधला

आधी अंग. पीजी-८एक्समध्ये कोरा आवाज घेऊन दोन्ही ऑसिलेटर करवती लहरीवर ठेवले, दुसरा काही सेंट (लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा. फिल्टर निम्म्याच्या आसपास, त्यावर एन्व्हलपचा (सूर सुरू होऊन संपेपर्यंत आवाज कसा बदलायचा ते ठरवणाऱ्या भागाचा) मध्यम जोर, सुरुवात अगदी थोडी सावकाश. इथे मोह होतो तो फिल्टर पूर्ण उघडण्याचा, कारण एकट्याने वाजवताना असा आवाज भव्य वाटतो. तो मोह आवरला. वरची जागा एफएमला लागणार होती.

मग कड. डेक्स्डमध्ये डीएक्स७ चा पहिलाच तयार आवाज, ‘ब्रास १’, घेतला. मिकाएलीने कुठला आवाज वापरला ते नाव धरून शोधायच्या फंदात पडलो नाही, कानाला जो जुळला तो घेतला. आठ यंत्रांच्या जागी डेक्स्डच्या तीन प्रती लावल्या: एक मधोमध, एक काही सेंट वर, एक तेवढीच खाली. तीनच्या पुढे लॅपटॉप दमायला लागला, आणि चौथीने आवाजात फरकही पडत नव्हता.

दोन थरांचं प्रमाण ठरवायला एक साधी कसोटी लावली. एफएमचा थर स्वतंत्रपणे कानावर येऊ नये, पण बंद केला की लगेच उणीव भासावी. खोलीत हे प्रमाण छान बसलं. गिटारींसोबत ते बदलावं लागलं, त्याबद्दल पुढे.

बोटांच्या जोराचा प्रश्न मात्र अनपेक्षित निघाला. पेटीत जोर भात्यात असतो, बोटात नसतो, त्यामुळे तिचा स्पर्श हलका आणि सुरागणिक कमीजास्त. साध्या आवाजात त्याने फक्त मोठं-लहान होतं. एफएममध्ये बोटाच्या जोराने स्वरांशच बदलतात, म्हणून एक सूर धारदार आणि पुढचा बोथट लागत होता. तिचा स्पर्श बदलण्यात वेळ घालवला नाही. सॉफ्टवेअरमध्ये जोराची मर्यादा आखून घेतली: कितीही हलकं वाजवलं तरी एका पातळीच्या खाली जायचं नाही. सुरावट लगेच एकसंध झाली. या प्रकरणातला सगळ्यात कमी श्रमाचा आणि सगळ्यात जास्त फळ देणारा बदल हाच.

पट्टीचा निर्णयही इथेच झाला. गायकाचं ऐकायचं ठरलं. पांढरी तीन म्हणजे ई मायनर. गिटारवाल्यांना तर ती सोयीचीच, खालची मोकळी तार हाताशी येते. कीबोर्डवादकासमोर दोन वाटा होत्या: नव्या पट्टीत बोटं बसवायची किंवा ट्रान्सपोज करायचं, म्हणजे बोटं तीच ठेवून यंत्राकडून पट्टी बदलून घ्यायची. काळी तीनची बोटं तिच्या हातात बसली होती, म्हणून ट्रान्सपोज. फक्त अरेंजरवरचं बटण वापरायचं नाही, असं ठरवलं. ते बटण पुढच्या गाण्याआधी परत फिरवायला विसरणं हा ऑर्केस्ट्रातल्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेला प्रसंग आहे. कँटाबिलमध्ये गाण्यागणिक पट्टी साठवता येते. गाणं बदललं की पट्टी आपोआप मूळ जागी. दोन सूर खाली आल्यावर आवाज थोडा काळवंडला, तेवढा फिल्टर किंचित उघडून दिला.

तालमीत गिटारींशी झालेली गाठ

खोलीत एकटीने वाजवताना आवाज हुबेहूब. बँडबरोबर वाजवताना पुन्हा निम्मा गायब. कारण उघड होतं: डिस्टॉर्शन लावलेली गिटार आणि सिंथ ब्रास एकाच पट्ट्यात राहतात, साधारण दोनशे हर्ट्झपासून तीन हजार हर्ट्झपर्यंत. इथे दोन गिटारी, दोन्ही पूर्ण जोरात.

पहिली मदत इक्वलायझरच्या (उंच-खोल भाग कमीजास्त करणाऱ्या) बटणांनी झाली. कीबोर्डचा दीडशे हर्ट्झखालचा भाग कापला, ती जागा बेसची. एफएमचा थर थोडा वर घेतला. यातून सुधारणा झाली, पण पुरेशी नाही.

दुसरा उपाय वाजवण्यातला होता आणि तो सांगणं अवघड होतं. मूळ गाणं नीट ऐकलं तर सुरुवातीच्या त्या सुरावटीत पुढे कीबोर्ड आहे, गिटार मागून टेकू देते. आपल्याकडचे दोन्ही गिटारवाले मात्र तिथे पूर्ण कॉर्ड घासत होते. रिदम गिटारने सुरावटीच्या वेळी फक्त खालच्या दोन तारा दाबून वाजवाव्यात आणि लीडने पहिल्या फेरीत थांबावं, अशी माझी सूचना. लीड गिटारवाला नाराज झाला. त्याचं म्हणणं, लोक रॉक ऐकायला येतात आणि हात गुंडाळून उभा असलेला गिटारवाला वाईट दिसतो. यात तथ्य आहे. मंच डोळ्यांसाठीही असतो. शेवटी दोन्ही पद्धतींनी वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि सगळ्यांनी मिळून ऐकलं. त्यानंतर तो स्वतःच म्हणाला की पहिली फेरी मोकळी सोडू आणि दुसऱ्या फेरीला मी येतो, म्हणजे येणं जाणवेल. ही कल्पना माझ्या सूचनेपेक्षा सरस होती आणि तीच ठेवली.

कार्यक्रमाच्या दिवशी

दुपारी साऊंड चेक. मिक्सरवर बसलेल्या काकांनी कीबोर्डच्या डाव्या-उजव्या दोन लाइन घेतल्या आणि दोन्ही जोडून मोनो केल्या. अशा सभागृहांत ही पद्धत सर्रास आहे आणि तिला कारणही आहे: एका बाजूला बसलेल्या माणसाला दुसऱ्या बाजूचा आवाज नीट पोहोचत नाही. पण जेएक्सच्या आवाजावरचा स्टीरिओ कोरस (आवाज रुंद करणारा परिणाम) त्या जोडणीत पोकळ झाला. डाव्या आणि उजव्या बाजूचे फिरते भाग एकमेकांना खातात, आणि जे खोलीत रुंद वाटत होतं ते सभागृहात नाकातून आल्यासारखं वाटतं.

दोन मार्ग होते. काकांना स्टीरिओ ठेवायला सांगायचं, किंवा आपणच मोनो द्यायचं. दुसरा घेतला. कोरस काढला, जाडी ऑसिलेटरच्या आणि डेक्स्डच्या किंचित विसंवादातून येतच होती, आणि ती मोनोमध्ये टिकते. लॅपटॉपमधूनच एक लाइन दिली. काकांनी विचारलं, “एवढीच? रिव्हर्ब मी टाकू का?” नको म्हटलं. सभागृह काँक्रीटचं, त्याचा घुमारा भरपूर होता. उलट आमच्या आवाजातला रिव्हर्बही जवळजवळ शून्यावर आणला. रेकॉर्डवर ऐकू येणारा तो विस्तीर्ण घुमारा स्टुडिओचा आहे. सभागृह स्वतःचा देतंच, दोन्ही एकत्र आले की सुरावटीतले सूर एकमेकांत विरघळतात.

चार्जर लावला की लॅपटॉपच्या लाइनमध्ये घरघर येत होती. डीआय बॉक्सवरचं (वाद्याची लाइन मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड तोडणारं बटण दाबल्यावर ती गेली.

आणीबाणीची व्यवस्था अशी: अरेंजर लॅपटॉपला फक्त कुठली कळ दाबली याचा इशारा देत होता, त्याचा स्वतःचा आवाज ‘लोकल ऑफ’ करून बंद. मिक्सरवर त्याचीही एक लाइन तयार होती. लॅपटॉप अडकला तर लोकल चालू, साठवून ठेवलेलं ब्रास-घंटेचं मिश्रण, आणि हाताने दोन सूर ट्रान्सपोज. तिने हे न बघता करता येईपर्यंत घोटलं होतं.

काय झालं

लॅपटॉप अडकला नाही. सुरावटीचा पहिला तुकडा संपायच्या आत मागच्या रांगांतून ओरडा सुरू झाला, आणि दुसऱ्या फेरीला लीड गिटार आली तेव्हा लोक उभे होते. पट्टी दोन सूर खाली आहे हे कुणाच्या लक्षात आल्याचं दिसलं नाही. गायकाने वरचे सूर सहज घेतले.

एक त्रुटी राहिली. मंचावर तिला स्वतःचा कीबोर्ड जेमतेम ऐकू येत होता, कारण वादकांकडे तोंड केलेल्या मॉनिटर स्पीकरमध्ये गायकाचा आवाज सगळ्यांच्या वर ठेवला होता. ती बोटांच्या सवयीवर वाजवत गेली. गाणं निभावलं, पण दुसऱ्या कडव्यानंतरच्या जागी ती अर्धा ठोका आधी आली आणि ड्रमरने तिला सांभाळून घेतलं.

पुन्हा करायचं झालं तर

आवाज बांधण्याआधी बँडसोबतची एक तालीम लावावी, असं माझं मत झालं आहे. फिल्टर, प्रमाण, रिव्हर्ब यांवरचे निम्मे निर्णय एकट्या खोलीत घेतले गेले आणि गिटारींपुढे बदलावे लागले. कच्चा आवाज घेऊन आधी सगळ्यांबरोबर वाजवलं असतं तर कुठे जागा आहे ते कळलं असतं, आणि गिटारवाल्याशी झालेला संवाद नाराजीशिवाय झाला असता.

मोनोची तपासणी घरीच व्हायला हवी. लॅपटॉपवर एका बटणाचं काम आहे.

मॉनिटरचा प्रश्न पैशाचा आहे. कीबोर्डवादकासाठी तारेचे कानातले मॉनिटर आणि एक छोटा हेडफोन अँप एवढ्याने भागतं. बिनतारी महागड्या संचाची गरज नाही, कारण ती एका जागी उभी असते. बँडने पुढच्या मानधनातून ते घ्यायचं ठरवलं आहे.

पट्टीबद्दल मतभेद कायम आहेत. कीबोर्डवादकाला अजूनही काळी तीनच हवी; खाली आणल्यावर एफएमची कड थोडी मवाळ होते असं ती म्हणते, आणि तिचं ऐकणं खरं आहे. गायकाचा गळा हेही तितकंच खरं. सध्या ठरलंय ते असं की गाणं कार्यक्रमाच्या पहिल्या अर्ध्यात आलं तर मूळ पट्टीत, शेवटी आलं तर पांढरी तीनवर. कँटाबिलमध्ये दोन्ही साठवून ठेवली आहेत.